फू क्वोक बेटावरची देवळं, पागोडे आणि चर्च : जायचं कसं, आत वागायचं कसं

व्हिएतनामच्या नैर्ऋत्य टोकाला, कंबोडियाच्या किनाऱ्याला खेटून असलेल्या फू क्वोक बेटावर हल्ली मराठी माणसांची चांगलीच वर्दळ असते. बहुतेक जण किनारा आणि केबल कार पाहतात आणि जाताजाता "एक पागोडा" उरकतात. गडबड तिथेच होते. बेटावरचं प्रत्येक प्रार्थनास्थळ पागोडा नाही. बुद्धाचं घर वेगळं, दर्यावर्दी देवीचं वेगळं, काओ दाई या व्हिएतनामी धर्माच्या अनुयायांचं वेगळं, फ्रेंचांच्या काळातल्या वीरपुरुषाचं वेगळं आणि येशूचं वेगळं. एका ठिकाणी भाजलेलं डुक्कर नैवेद्याला चालतं, दुसऱ्या ठिकाणी अंडंही आत नेता येत नाही. म्हणून उंबऱ्यावर पाऊल ठेवण्याआधी हे घर कोणाचं आहे ते विचारून घ्या. पुढचे सगळे नियम त्यावर ठरतात.

पाटीवरचा पहिला शब्द पुरतो. 'चुआ' म्हणजे बौद्ध विहार. 'यिन', 'दिन्ह' किंवा 'मिएउ' म्हणजे लोकदेवतेचं किंवा ग्रामदेवतेचं ठाणं. 'देन' म्हणजे ऐतिहासिक वीराचं मंदिर. 'थान्ह थात' काओ दाईंचं आणि 'न्या थो' म्हणजे चर्च. रोमन लिपीत 'डी'ने सुरू होणाऱ्या काही नावांचा उच्चार दक्षिण व्हिएतनाममध्ये 'य' असा होतो. टॅक्सीवाल्याला नाव तोंडी सांगण्यापेक्षा नकाशावर दाखवलेलं बरं.

दिवस कोणता निवडायचा

व्हिएतनामी चांद्रमासाची पहिली आणि पंधरावी तिथी हे देवदर्शनाचे दिवस. आपल्या पंचांगाशी ताडून पाहायला सोपं आहे, फक्त एक फरक लक्षात ठेवा. आपला अमांत महिना अमावास्या सरल्यावर प्रतिपदेला सुरू होतो, त्यांचा महिना अमावास्येच्याच दिवशी. म्हणजे त्यांची 'पहिली' ही साधारण आपली अमावास्या आणि 'पंधरावी' ही आपली पौर्णिमा. एखाद्या दिवसाचा फरक पडतो. महिन्यांची नावं मात्र दर वर्षी जुळतीलच असं नाही, कारण त्यांचा अधिक महिना आणि आपला अधिक मास एकाच वेळी येतातच असं नाही. नेमकी तारीख हवी असेल तर हॉटेलच्या किंवा दुकानाच्या भिंतीवरचं फाडायचं कॅलेंडर पाहा. मोठा आकडा इंग्रजी तारखेचा आणि खाली बारीक छापलेला आकडा चांद्र तिथीचा असतो.

गर्दी, मंत्रपठण, फुलांचे ढीग हे सगळं पाहायचं असेल तर पहिली किंवा पंधरावी तिथी गाठा. शांतपणे मूर्ती आणि लाकूडकाम न्याहाळायचं असेल तर त्या दोन्ही तिथी टाळा. हवामानाचं गणित कोकणातल्यासारखंच. मे ते ऑक्टोबर पाऊस, जुलै ते सप्टेंबर त्याचा जोर, आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ.

पिशवीत काय असावं

खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे, स्त्री-पुरुष दोघांनाही. थेट किनाऱ्यावरून येणार असाल तर एक ओढणी किंवा लुंगी जवळ ठेवा. दारात अंगावर घ्यायला वस्त्र मिळेलच याचा भरवसा धरू नका. पटकन काढता येतील अशा चपला घाला. दानपेटीसाठी सुट्ट्या नोटा हव्यात, 10,000 आणि 20,000 डोंगच्या पुरतात. 20,000 आणि 500,000 या दोन्ही नोटा निळसर आहेत आणि देवळाच्या अंधुक उजेडात त्यांची सर्रास अदलाबदल होते. त्यामुळे छोट्या नोटा आधीच वेगळ्या खिशात ठेवा. नोट पेटीतच टाकायची. मूर्तीच्या हातात किंवा पायाशी खोचलेली नोट तिथले सेवेकरी नंतर उचलून पेटीत टाकतात आणि त्यांना ते आवडत नाही.

उदबत्ती

ही रीत बेटावर जवळजवळ सगळीकडे सारखी आहे, चर्च तेवढं सोडून.

एक किंवा तीन काड्या घ्यायच्या. संख्या विषम हवी. दिव्यावर पेटवा. ज्वाला फुंकरीने विझवायची नाही, हात हलवून किंवा काडी खाली झटकून विझवायची. दोन्ही हातांत धरून कपाळापर्यंत न्या, मनात नाव-गाव आणि मागणं म्हणा, कमरेत तीनदा वाका आणि वाळूच्या किंवा राखेच्या कुंडात काडी सरळ उभी खोचा. दोनेक सेंटिमीटर आत गेली की ती पडत नाही. कुंडं अनेक असली तर प्रत्येकाला एक काडी बस्स. अख्खा जुडगा पेटवू नका. कुंड भरून जातं, काड्या एकमेकींना पेटवतात, भडका उडतो आणि शेजारी वाकलेल्या माणसाच्या मनगटावर निखारा पडतो. बऱ्याच विहारांत उदबत्ती बाहेरच्या मोठ्या कुंडातच लावायची असते, आत धूर चालत नाही. आतल्या कुंडात काडी दिसली नाही तर तुम्हीही लावू नका. तुमची अर्धी जळालेली काडी सेवेकऱ्याने लगेच उपसून टाकली तरी वाईट वाटून घेऊ नका, पुढच्याला जागा करून देण्यासाठीच तो ती काढतो.

विहारात : हो क्वोक, हुंग लोंग, सुंग हुंग

हो क्वोक हा बेटावरचा सर्वांत मोठा विहार. तो 2012 च्या डिसेंबरात खुला झाला. तो चुक लाम झेन परंपरेचा आहे. ही परंपरा तेराव्या शतकात राजपद सोडून भिक्षू झालेल्या चान न्यान तोंग या राजाने घडवली. युओंग डोंग या बेटावरच्या मुख्य गावापासून हा विहार साधारण 20 किलोमीटर दक्षिणेला, पूर्व किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून उभा आहे. परतीची टॅक्सी तिथे सहज मिळत नाही, म्हणून जातानाच ड्रायव्हरशी थांबण्याचे पैसे ठरवून घ्या. सकाळी साडेसहा-सात ही उत्तम वेळ. सूर्य समोरच्या समुद्रावर नुकताच वर आलेला असतो आणि दगडी पायऱ्या अजून तापलेल्या नसतात. दुपारी बारा ते दोन भिक्षूंच्या जेवणाची आणि विश्रांतीची वेळ असते, तेव्हा जाऊ नका.

तीन कमानींचं महाद्वार दिसलं की रिवाज असा : समोर तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या कमानीतून आत जायचं आणि बाहेर पडतानाही आपल्या उजव्या हाताला येणारीच कमान घ्यायची. मधली कमान भिक्षूंसाठी आणि मोठ्या सोहळ्यांसाठी असते. मुख्य सभागृहाचा उंबरा उंच असतो. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. चपला बाहेर, टोपी हातात.

आता मराठी माणसाकडून हमखास होणाऱ्या चार चुका. पहिली, घंटा. आपल्याकडे आत शिरताना घंटा वाजवायची सवय हाडीमाशी भिनलेली असते. इथे वेदीपाशी असलेली पितळी वाटीसारखी घंटा आणि लाकडी मासा ही पठणाची वाद्यं आहेत. कुठे थांबायचं, कुठे वाकायचं हे त्यांच्या ठोक्यांवर ठरतं. मध्येच एक ठोका पडला तर शंभर माणसांचं पठण चुकतं. हात लावायचा नाही. दुसरी, नारळ फोडणं. नारळ ठेवतात तो अख्खा, ताटात इतर फळांबरोबर. तिसरी, हळद-कुंकू. मूर्तीला काहीही लावायचं नाही, स्पर्शही नको. चौथी, सवयीने प्रदक्षिणा घालायला निघणं. मुख्य वेदीच्या मागे अनेकदा परंपरेतल्या आचार्यांची वेदी असते आणि तिथे बहुधा आपल्या भूमीतून चीनला गेलेल्या बोधिधर्माची प्रतिमा दिसते. शेजारी दिवंगतांचे फोटो आणि अस्थिकलश असू शकतात. तिथे जायला हरकत नाही, पण हळू चालावं, हात जोडावेत आणि फोटो अजिबात काढू नये. ते कुणाच्या तरी घरचं दुःख आहे.

नैवेद्य म्हणून फुलं, फळं आणि पाणी. दक्षिणेत फळांच्या ताटात सीताफळाच्या जातीचं फळ, नारळ, पपई आणि आंबा हवाच. मांस, मासे, अंडी, मद्य विहारात न्यायचं नाही. नकली नोटा आणि कागदी वस्तू जाळण्याची प्रथा विहारांत बंद करावी, असं व्हिएतनामच्या बौद्ध संघाने 2018 मध्ये सांगितलं आहे. दारात कुणी तसे कागद विकत असेल तर घेऊ नका. पिंजऱ्यातले पक्षी "मुक्त करण्यासाठी" विकणाऱ्यांकडूनही काही घेऊ नका. सोडलेले पक्षी थकून तिथेच पडतात आणि पुन्हा पकडले जातात.

भिक्षूला 'थाय' आणि भिक्षुणीला 'सू को' म्हणतात. हात जोडून 'आ यी दा फात', म्हणजे अमिताभ बुद्ध, एवढं म्हटलं की नमस्कार पोहोचतो. महाराष्ट्रातल्या बौद्ध वाचकांना इथे फरक जाणवेल. पठण पालीत नसून व्हिएतनामी भाषेत असतं आणि बुद्धाइतकाच मान क्वान आम हिला असतो. ही क्वान आम म्हणजे आपला अवलोकितेश्वर, पूर्व आशियात स्त्रीरूपात पूजला जाणारा. औरंगाबाद लेण्यांतल्या 7 क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर आठ महाभयांतून भक्तांना सोडवताना कोरला आहे आणि त्यातलं एक भय आहे जहाज फुटण्याचं. हो क्वोकच्या डोंगरउतारावर समुद्राकडे पाहत उभी असलेली क्वान आम पाहताना ते शिल्प आठवावं. दर्यावर जाणाऱ्यांनी तिच्याकडे जे मागितलं ते दोन्हीकडे एकच आहे.

हुंग लोंग हा विहार युओंग तो भागात, डोंगराच्या कुशीत आहे. न्गुएन किम मुओन यांनी तो 1932 मध्ये स्थापला, म्हणून लोक त्याला 'सू मुओन' म्हणतात. झाडी दाट असल्यामुळे पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात, तळवा धरणारी पादत्राणं घाला. वर पोहोचल्यावर कुणी चहाला बोलावलं तर नाही म्हणू नका. सुंग हुंग हे गावातलं जुनं देऊळ, बाजारापासून चालत जाण्याजोगं. वेळ कमी असेल तर हेच पाहा. रोजची पूजा कशी असते ते इथे कळतं.

समुद्राची ठाणी

युओंग डोंग नदी समुद्राला मिळते तिथे एका खडकावर यिन काउ हे छोटं देऊळ आहे. सध्याची वास्तू 1937 ची, 1997 मध्ये दुरुस्त केलेली. खडकात 29 पायऱ्या आहेत. मासेमार दर्यावर जाण्याआधी इथे येतात, म्हणून सकाळी सातच्या आत जा. संध्याकाळी सूर्यास्ताच्या फोटोंसाठी एवढी झुंबड उडते की खऱ्या भाविकाला वेदीपर्यंत पोहोचता येत नाही. फोटो खालच्या पायऱ्यांवरून काढा, वरचा चौथरा प्रार्थनेसाठी मोकळा सोडा. वर वारा जोराचा असतो. काड्या पेटवताना पाठ वाऱ्याकडे करा, नाहीतर राख थेट डोळ्यांत जाते. चांद्र दहाव्या महिन्याच्या पंधराव्या-सोळाव्या तिथीला इथला उत्सव असतो, बहुतेक वर्षी आपल्या कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास.

जवळच गावात थुई लोंग या जलदेवतेचं ठाणं आहे. ही दोन्ही ठाणी बौद्ध नाहीत. इथे फळांबरोबर उकडलेली कोंबडी, भाजलेलं डुक्कर, तांदळाची दारूही वाहिली जाते. शाकाहारी माणसाने नाक मुरडू नये. कोळी आपल्या देवाला जे स्वतःला लाभलं त्यातलं उत्तम देतो. तुम्ही फुलं आणि फळं ठेवा, तेवढं पुरेसं आहे. काडी जळून संपेपर्यंत ताट तिथेच राहू द्यावं आणि मग सेवेकऱ्याला खुणेने विचारून त्यातलं थोडं प्रसाद म्हणून परत घ्यावं.

अशा ठाण्यांत कौल लावायची सोय असते. गुडघे टेकून बसा. नाव, गाव आणि एकच प्रश्न मनात म्हणा. आकडे लिहिलेल्या बांबूच्या पट्ट्यांचं नळकांडं दोन्ही हातांनी तिरपं धरून हळूहळू हलवा, एक पट्टी बाहेर पडेपर्यंत. दोन पडल्या तर पुन्हा करायचं. मग चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे खाली टाका. एक पालथा आणि एक उताणा पडला तर देवतेला ती पट्टी मान्य, दोन्ही सारखे पडले तर नळकांडं पुन्हा हलवायचं. आकडा जुळवून कागद घ्या आणि अर्थ तिथल्याच कुणाकडून समजून घ्या. फोनवरचं भाषांतर जुन्या पद्यमय ओळींची पार मोडतोड करतं.

मासेमारांच्या वस्त्यांत 'ओंग', म्हणजे आजोबा म्हणून देवमाशाची पूजा होते. मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला की व्हिएतनामी कोळी त्याला रीतसर पुरतात, ज्याला तो प्रथम दिसला तो थोरल्या मुलाप्रमाणे सुतक पाळतो, आणि काही वर्षांनी हाडं काढून देवळात ठेवतात. तिथे "सांगाडा" पाहायला आल्यासारखं बोलू नका. आधी उदबत्ती, मग प्रश्न.

वीराचं मंदिर

बेटाच्या वायव्य टोकाला गान्ह याउ गावात न्गुएन चुंग चुक यांचं मंदिर आहे. या मासेमाराने 10 डिसेंबर 1861 रोजी न्यात ताओ इथे 'लेस्पेरान्स' ही फ्रेंच युद्धनौका जाळली, जून 1868 मध्ये राच झा इथला किल्ला घेतला, तिथून माघार घेऊन फू क्वोकवर लढा दिला आणि पकडले गेल्यावर 27 ऑक्टोबर 1868 रोजी त्यांना राच झा इथे मारण्यात आलं. चांद्र आठव्या महिन्याच्या अखेरीस, 27-28 तिथीला त्यांची पुण्यतिथी असते. इथे मागणं मागण्यापेक्षा मानवंदना महत्त्वाची. टोपी काढा, एक काडी लावा, वेदीकडे पाठ करून सेल्फी घेऊ नका. त्यांचं मुख्य मंदिर मुख्य भूमीवर राच झा इथे आहे, बोटीने तिथे जाता येतं. पण परदेशातून थेट फू क्वोकला उतरणाऱ्यांना मिळणारी 30 दिवसांची व्हिसामाफी फक्त बेटापुरती असते. राच झाला जायचं असेल तर ई-व्हिसा आधीच काढून ठेवा.

काओ दाई

या बेटाला भेट देणाऱ्याने ही गोष्ट चुकवू नये, कारण काओ दाई धर्माचं मूळ इथेच आहे. न्गो वान चिएउ हे 1920 मध्ये फू क्वोकचे प्रशासक म्हणून आले आणि 1921 मध्ये त्यांना इथे 'दिव्य नेत्रा'चं दर्शन झालं असं अनुयायी मानतात. तोच डावा डोळा पुढे या धर्माचं चिन्ह झाला. रीतसर स्थापना 1926 मध्ये ताय निन्ह प्रांतात झाली. बुद्ध, लाओत्से, कन्फ्यूशियस आणि येशू या सगळ्यांना या धर्मात जागा आहे.

युओंग डोंगमध्ये त्यांचं थान्ह थात आहे. प्रार्थना दिवसातून चारदा : सकाळी 6, दुपारी 12, संध्याकाळी 6 आणि मध्यरात्री. पाहुण्यांसाठी दुपारची वेळ सोयीची. दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि परवानगी विचारा. दाराकडे तोंड केलं असता स्त्रिया डावीकडून, पुरुष उजवीकडून आत जातात. जोडप्याने एकत्र शिरायचं नाही. चपला बाहेर. मधली रेषा, म्हणजे दारापासून नेत्रापर्यंतची सरळ वाट, पाहुण्याने ओलांडू नये. मागे उभं राहा आणि प्रार्थना सुरू झाली की संपेपर्यंत हलू नका. पांढऱ्या वस्त्रांतले अनुयायी आणि पिवळ्या, निळ्या, लाल झग्यांतले धर्माधिकारी दिसतील. पिवळा बौद्ध, निळा ताओ आणि लाल कन्फ्यूशियस परंपरेचा. साध्या दिवशी मोजकीच माणसं असतात, पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मंदिर भरतं.

चर्च

युओंग डोंग आणि दक्षिणेच्या आन थोयमध्ये कॅथलिक चर्च आहेत. बेट लाँग शुएन धर्मप्रांतात येतं. वसई-गोव्याच्या कॅथलिक वाचकांना मिसाची रचना ओळखीची वाटेल, भाषा मात्र व्हिएतनामी. रविवारी पहाटे आणि संध्याकाळी मिसा असतो, नक्की वेळ आदल्या दिवशी दारावरच्या फलकावर पाहा. कम्युनियन फक्त कॅथलिकांनी घ्यावा, इतरांनी जागेवरच बसावं. व्हिएतनामी भाषेला रोमन लिपीत बसवण्यात मोठा वाटा असलेले जेझुइट अलेक्झांद्र द ऱ्होद 1619 मध्ये गोव्यात उतरले होते आणि पूर्वेकडे निघण्याआधी तिथे दोन-अडीच वर्षं राहिले. त्यांचा शब्दकोश 1651 मध्ये रोमला छापला गेला. बेटावरच्या चर्चमध्ये दिसणारी प्रार्थनापुस्तकं त्याच लिपीत आहेत.

घरं आणि दुकानं

दुकानात दारालगत जमिनीवर लाल रंगाचं छोटं देवघर दिसेल. ते भूमीच्या आणि धनाच्या देवाचं. आपल्याकडे देव उंचावर, म्हणून जमिनीवरच्या देवघरावरून लोक नकळत पाय टाकतात किंवा शेजारी चपला काढतात. सामान, छत्री, पिशवी त्यापासून लांब ठेवा. घराच्या अंगणात खांबावरची उघडी वेदी दिसली तर ती आकाशाची, तिला टेकू नका. एखाद्या घरात मूर्ती नसेल, फक्त तपकिरी कापड, फुलं आणि पाणी असेल, तर ते घर होआ हाओ पंथाचं. 1939 मध्ये हुइन्ह फू सो यांनी सुरू केलेल्या या पंथाची जन्मभूमी आन झांग प्रांतात आहे, आणि 1 जुलै 2025 पासून फू क्वोकही त्याच प्रांतात आहे.

जेवण

पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बेटावर शाकाहारी जेवण सर्वांत सहज मिळतं. 'कोम चाय' अशी पाटी शोधा. विहारातल्या जेवणात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन आणि वारकरी मंडळींची सोय होते. साध्या खानावळीत मात्र भाजीतही नुओक माम, म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी पडतंच, बेट त्याच्यासाठीच प्रसिद्ध आहे. "खोंग नुओक माम" म्हणा आणि शक्यतो फोनवर लिहूनही दाखवा.

समूहाने जाताना

फू क्वोकवर भारतीय लग्नं होतात आणि हॉटेलच्या आवारातले विधी हॉटेलच सांभाळतं. पण विदेशी लोकांनी सामूहिक धर्मकार्य, प्रवचन किंवा कीर्तन करायचं ठरवलं तर 2018 पासून लागू असलेल्या धर्मविषयक कायद्यानुसार प्रांत प्रशासनाची परवानगी लागते. ती हॉटेलमार्फत बरीच आधी मागा. पत्रकं वाटू नका. ड्रोनलाही स्वतंत्र परवानगी हवी. निर्माल्य समुद्रात सोडू नका, हॉटेलच्या माळ्याकडे द्या. आणि हळदीच्या कपड्यांतली वरात घेऊन यिन काउच्या पायऱ्यांवर फोटोसाठी जाऊ नका, 29 पायऱ्यांच्या अरुंद जिन्यावर मागे खोळंबलेला कोळी बोटीची भरती गाठायच्या घाईत असतो.

दीड दिवसाचा क्रम असा लावता येतो. पहिल्या दिवशी पहाटे हो क्वोक, परतताना हुंग लोंग, दुपारी बाराला काओ दाईंची प्रार्थना, संध्याकाळी सुंग हुंग. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत यिन काउ आणि थुई लोंगचं ठाणं, मग गाडीने गान्ह याउ. रविवार असेल तर यिन काउच्या आधी पहाटेचा मिसाही बसतो.